मावशीचं नवं नाक

सांगते ते खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका. ज्या घरात हे घडलं तिथे माझी सख्खी मावशी राहत होती... आणि अजूनही राहते.

भुतं रात्रीच येतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथे रात्रीचा काही संबंध नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. रविवार होता, जेवणं उरकली होती आणि खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

मला हे माझ्या मावसबहिणीने सांगितलं. सगळे तिला ताईच म्हणतात. ताई मनाने काही रचून सांगेल, हे शक्य नाही. तिच्याकडे तेवढी कल्पनाशक्तीच नाही, असं आम्ही तिला कायम चिडवत आलो.

ताईचं काम ऐकून लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात.

ती नाकं बनवते.

नाकं, कान, बोटं... अपघातात किंवा आजारात गेलेलं जे असेल ते. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून तिचं वर्कशॉप आहे. लांबलचक टेबल, प्लास्टरची पोती, रंगांच्या बाटल्या आणि भिंतीला एक मोठं कपाट. कपाटात जुने साचे असतात. पेशंटच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर लावून साचा घ्यायचा, तो वाळला की त्यात सिलिकॉन ओतायचं, भट्टीत घट्ट करायचं आणि मग बारीक ब्रशने रंगवत बसायचं. तीळ, सुरकुत्या, लाल शिरा, सगळं. ताईच्या हातचा कान दोन हातांवरून बघितला तरी खोटा आहे हे कळत नाही.

तिच्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं नाक कॅन्सरने गेलं. गाठ वेगाने वाढत होती म्हणून ऑपरेशन घाईघाईत झालं. त्या धावपळीत आधी साचा घेऊन ठेवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. ताईच्याही नाही. जन्मभर लोकांची नाकं केली आणि आईच्या नाकाचा साचा नाही, हे तिला फार लागलं होतं.

मावशी एके काळची नाकावर माशी बसू न देणारी बाई. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिने तोंडाच्या मधोमध हात फिरवला आणि म्हणाली, "चला, आता माशीला बसायला जागाच नाही."

सगळे हसलो. ती नाही हसली.

ताईने तिला सिलिकॉनचं नाक करून दिलं. छान होतं. पण ते गोंदाने चिकटवावं लागायचं. मावशीची कातडी आधीच रेडिएशनने पातळ झालेली. गोंदाने ती सोलवटायची, पाणी सुटायचं, पू व्हायचा. एक दिवस सगळे जेवायला बसले असताना ते नाक सुटलं आणि ताटात पडलं.

ताईची मुलगी, चिमी, शेजारीच बसली होती. ती किंचाळली. लहान पोर, तिचा काय दोष?

त्या दिवसापासून मावशी टेबलावर आली नाही. ती आपल्या खोलीत दार लावून जेवायची. तोंडाला रुमाल बांधायची. दाराबाहेर ताट ठेवायचं आणि दाराबाहेरूनच उचलायचं. जिने अख्ख्या खानदानाला एका पंगतीत बसवून वाढलं, ती बाई भिंतीकडे तोंड करून जेवत होती. ताईला ते बघवत नव्हतं. आईला पुन्हा सगळ्यांबरोबर टेबलावर बसलेलं बघायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. त्यासाठी तिने काहीही केलं असतं.

आणि नेमका तेव्हाच चिकटराव आला.

चिकटराव हे वर्कशॉपने ठेवलेलं नाव. तो वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. कधी बघावं तर हा आपल्या नव्या मटेरियलबद्दलच बोलायचा आणि बोलायला लागला की सुटायचा नाही, म्हणून चिकटराव. त्याने ताईला समजावलं ते असं. सिलिकॉन म्हणजे मुलखाचं परकं. शरीराला ते आपलं वाटतच नाही, म्हणून कातडी त्याला धरत नाही. आपलं शरीर प्रोटीनचं बनलेलं असतं. त्याच प्रोटीनचा अगदी छोटासा तुकडा म्हणजे पेप्टाइड. चिकटरावाने ते पेप्टाइड सिलिकॉनच्या साखळीतच गुंफलं होतं. वरून फासलं नव्हतं, आतच विणलं होतं. मग कातडीच्या पेशी आल्या की त्यांना वाटतं, हे तर आपल्यातलंच. त्या तिथे बसतात, पसरतात, धरून ठेवतात.

"म्हणजे गोंद नको?" ताईने विचारलं.

"गोंद कशाला? तुमची कातडी स्वतःच त्याला पकडेल. ते पेशींना बोलावतं म्हणा ना."

हॉस्पिटलने काही पेशंटांवर ते वापरून बघायची परवानगी दिली होती. ताईने आईचं नाव पुढे केलं. मावशीने सही केली.

आता साचा हवा होता.

ताईने मावशीचे जुने फोटो काढले. सरळ नाक, मध्ये किंचित उंचवटा, नाकपुड्या जरा रुंद. फोटोवरून नाक घडवता येतं, पण त्यात जीव येत नाही, कारण कातडीची बारीक छिद्रं फोटोत उतरत नाहीत. म्हणून असे कारागीर काय करतात, तर कपाटातला दुसऱ्या कोणाचा तरी जुळता साचा शोधतात. त्यात काही गैर नाही. सगळीकडे चालतं.

ताईला एक साचा मिळाला.

हुबेहूब आईचं नाक. तोच उंचवटा, त्याच नाकपुड्या.

साचा एका पुरुषाचा होता. तोही कॅन्सरचाच पेशंट. ऑपरेशनच्या आधी साचा घेतला होता, पण तो माणूस ऑपरेशनमधून उठलाच नाही. नाक न्यायला कोणी आलं नाही. साचा तसाच राहिला.

चिकटरावाने बजावलं होतं की या मटेरियलसाठी साचा वाफेच्या यंत्रात घालून पूर्ण निर्जंतुक करायचा. पण प्लास्टर वाफेत भुसभुशीत होतं, बारीक नक्षी निघून जाते. ताईने तिच्या नेहमीच्या पद्धतीने केलं. साबण, ब्रश, वरून स्पिरिट. इतकी वर्षं तेवढंच पुरत होतं. साच्याच्या तळाशी दोनचार बारीक केस अडकलेले दिसले. ते तर नेहमीच असतात. प्लास्टर चेहऱ्यावरून निघताना केस घेऊन येतं, थोडी मेलेली कातडीही घेऊन येतं. साधं सिलिकॉन त्याकडे ढुंकून बघत नाही.

पण हे साधं सिलिकॉन नव्हतं.

हे बोलावणारं होतं...

नाक बसवलं आणि महिनाभराच्या आत ते धरलं. ताई मला फोनवर रडत रडत सांगत होती. कडेची गुलाबी कातडी हळूहळू नाकावर चढत होती. पू थांबला. मावशीने आरसा मागून घेतला आणि बराच वेळ आपलं तोंड बघितलं. मग तिने रुमालाची घडी करून कपाटात टाकली.

आणि एके दिवशी ती टेबलावर आली.

चिमीच्या शेजारी बसली. दोनदा वाढून घेतलं. ताईने माझ्यासाठी फोटोही पाठवला होता. मावशी हसते आहे आणि तिच्या तोंडाच्या मधोमध एक नाक आहे. मी तो फोटो सगळ्यांना दाखवला.

पुढे काय वाढून ठेवलंय, कोणाला माहीत होतं?

पहिली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. नाक चमकायला लागलं.

ताईला वाटलं, वरचा रंग उतरतोय. तिने कापसाने पुसलं. कापूस पिवळा झाला... तेलकट. तिने तो नाकाजवळ नेला आणि तिला मळमळलं. न धुतलेल्या उशीला येतो तसा वास होता. शिळा, पुरुषी, आंबूस.

सिलिकॉनला घाम येत नाही. सिलिकॉनला तेल सुटत नाही. हे ताईइतकं कोणाला ठाऊक असणार?

मग छिद्रं काळी पडली. साच्यातून उतरलेली ती बारीक छिद्रं एकेक करून भरत गेली. ताईने एक दिवस दोन नखांत धरून हलकेच दाबलं.

आतून पांढरी, मऊ दोरी बाहेर आली. वळवळत आल्यासारखी... लांबच लांब.

ताई तशीच उठली आणि बेसिनमध्ये भडभडून ओकली. तिने आयुष्यभर सडलेल्या जखमा धुतल्या होत्या, पू पुसला होता, किडे काढले होते. तिला कधी किळस आली नव्हती. आता स्वतःच्या आईची आली, आणि त्या किळसेची तिला इतकी लाज वाटली की ती बेसिनशीच रडत बसली.

बाहेरून मावशीने विचारलं, "काय ग, बरं नाही का?"

नाकपुड्यांत केस आले.

मावशीचे सगळे केस पांढरेशुभ्र आहेत. हे केस काळे होते, राठ, वळलेले. ताईने ते कापले. चार दिवसांत पुन्हा बाहेर डोकावले. मग एके सकाळी त्या नाकाला सर्दी झाली. घट्ट, हिरवट शेंबूड. मावशी आरामात नाक शिंकरत होती, जणू जन्मापासून तेच नाक होतं. टेबलावर बसून, चिमीच्या शेजारी.

ताईच्या घशाखाली घास उतरेना. ती म्हणायची मला भूक नाही. मग म्हणायला लागली, मी मागाहून जेवते. ज्या टेबलासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या टेबलावरून आता तीच उठून जात होती.

आणि एक दिवस तो आवाज आला.

ताई कामावरून घरी आली होती. मावशी दारातच उभी होती. ताई चपला काढायला वाकली आणि तिच्या मानेजवळ...

सूं... सूं... सूं...

ताईने मान वर केली. मावशीचं तोंड तिच्या खांद्याला जवळजवळ टेकलं होतं.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे म्हणजे? कामावर."

"मग हा कॉफीचा वास कसला? कोणाबरोबर प्यायलीस?"

ताईला हसू आलं. ती म्हणाली, आई, पोलीस चौकी कधी उघडलीस? मावशीही हसली. नेहमीसारखीच हसली. प्रकरण तिथेच मिटलं, असं ताईला वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात होती. तिसऱ्या दिवशीही. मान, केस, मग बाह्या, मग हाताचे तळवे. मान हलवत, सावकाश, वरपासून खालपर्यंत. ओल्या नाकाचा गार स्पर्श व्हायचा. ताई डोळे मिटून उभी राहायची आणि श्वास रोखून धरायची. हुंगून झालं की मावशी बाजूला व्हायची आणि प्रेमाने विचारायची, चहा टाकू का? त्या दोन गोष्टी एकाच बाईच्या आहेत हे ताईला पटायचं नाही.

मग तिच्या लक्षात आलं, चिमी शाळेतून आली की आधी बागेच्या नळावर हात धुते. तोंड धुते. मानसुद्धा घासून घासून धुते. मग घरात शिरते.

ताईने तिला जवळ घेऊन विचारलं. चिमीने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजी वास घेते ना. मग तिला सगळं कळतं."



ज्याचा साचा वापरला होता, त्या माणसाची आठवण ताईला त्या क्षणी झाली.

साचा घ्यायला तो खुर्चीत बसला होता. त्याची बायको मागे उभी होती. ताईने प्लास्टर कालवायला घेतलं तेव्हा त्याने ताईचं मनगट हुंगलं होतं आणि सकाळी तिने काय खाल्लं ते अचूक सांगितलं होतं. ताईला ती गंमत वाटली होती. मग बायको औषधं आणायला बाहेर गेली. परत आल्यावर ती मुकाट्याने त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने तिचा हात ओढून घेतला आणि...

सूं... सूं... सूं...

ताईने तेव्हा मान फिरवली होती. नवराबायकोचं आपल्याला काय, असं म्हणून.

ती बायको ताईला अधूनमधून दिसायची. हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्यावर साबण आणि सेंटचं एक दुकान आहे, तिथे नवऱ्याच्या मागे तिने नोकरी धरली होती. ताई दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत तिथे गेली. दुकानात गर्दी नव्हती. बाई काउंटरच्या मागे बाटल्या पुसत होती. ताईने ओळख दिली. काय विचारायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं, म्हणून तिने सरळच विचारलं की तुमच्या मिस्टरांना वास घ्यायची सवय होती का.

बाईचे हात थांबले.

"सवय कसली," ती म्हणाली. "मी बाहेरून आले की दारातच उभी करायचा. नखापासून केसांपर्यंत हुंगायचा. कोणाला भेटले, कुठे बसले, कोणाच्या रिक्षातून आले, सगळं सांगायचा. आणि एखादा वास त्याला ओळखता आला नाही, तर मग..."

तिने पुढचं सांगितलं नाही. नकळत तिचा हात आपल्या कानामागे गेला. तिथे जुनी खूण होती.

"म्हणून मी इथे काम करते," ती म्हणाली. "इथून घरी जाते तेव्हा माझ्या अंगाला शंभर वास असतात. शोध म्हणावं आता."

ताई काहीतरी बोलायला पुढे झाली. काउंटरवर हात टेकून थोडी वाकली.

बाई एकदम मागे सरकली. तिच्या पाठीमागच्या फळीवरच्या बाटल्या खणखणल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमच्या अंगाला त्याचा वास येतोय."



"कपड्यांना येतोय. मानेला येतोय. कुठून आलात तुम्ही? तो आहे ना तिकडे? खरं सांगा."

ताई काही सांगणार, तोवर बाईने काउंटरचं दार लावून घेतलं आणि दुकानाचे दिवे मालवायला लागली. भर दुपारी. ताई बाहेर पडली तेव्हा मागे शटर ओढल्याचा आवाज झाला. नंतर ती बाई त्या दुकानात पुन्हा दिसली नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, गाव सोडून गेली, पगारसुद्धा न्यायला आली नाही.

ताईने चिकटरावाला गाठलं. त्याने नाकाच्या वरच्या थरातलं थोडं खरवडून तपासायला नेलं. आधी तो खुशीत होता. पेशी इतक्या छान धरल्यात, म्हणत होता. मग त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. पेशी जिवंत आहेत, म्हणाला, पण तुमच्या आईच्या नाहीत. बाईच्याच नाहीत. पुरुषाच्या आहेत. नमुना खराब झाला असेल, पुन्हा तपासतो. पुन्हा तपासला. तेच आलं. तेव्हा ताईने त्याला साच्यात अडकलेल्या केसांचं सांगितलं. मेलेले केस आणि सुकलेली कातडी यातून जिवंत पेशी येऊच शकत नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ताईला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

काढता येईल का, तिने विचारलं.

काढता येईल, पण आता कड कुठे संपते ते कळत नाही. आजूबाजूची कातडी बरीच कापावी लागेल. पुन्हा कसलंही नाक बसणार नाही, कधीच. आणि पेशंटची संमती लागेल.

ताईने आईला विचारलं. सगळं सांगितलं नाही, धीर झाला नाही. एवढंच म्हणाली की नाकात दोष निघालाय, काढायला हवं.



"पुन्हा रुमाल बांधू?" मावशी म्हणाली. "पुन्हा भिंतीकडे तोंड करून जेवू? हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

हे कोण बोललं? ताईला वाटलं, आईच बोलली. आवाज आईचा होता, दुखणंही आईचंच होतं. तिने विषय सोडला.

पण तिची नजर त्या चेहऱ्यावरून हटेना. कड खरंच सापडत नव्हती. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालावर छिद्रं मोठी झाली होती. तेलकट चकाकी आता डोळ्यांच्या खालपर्यंत आली होती. वरच्या ओठावर बारीक, काळी, राठ लव उगवली होती.

ते पसरत होतं.

आणि मग तो रविवार आला.

चिमी मैत्रिणीकडे गेली होती. मावशी जेवून आपल्या खोलीत आडवी झाली होती. घर शांत होतं. ताई स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ विचार करत होती. मग तिने कामाच्या पिशवीतून कडा छाटायची धारदार सुरी काढली. स्पिरिटने पुसली.

आत गेली.

मावशी उताणी झोपली होती. तोंड मिटलेलं. उन्हात ते नाक चमकत होतं. नाकपुड्या फुलत होत्या, आकसत होत्या. छाती मात्र... छाती त्या तालात हलत नव्हती. छातीचा श्वास संथ होता, म्हाताऱ्या बाईचा. नाकाचा श्वास वेगळा होता. भरभर, बारीक बारीक. काहीतरी शोधत असल्यासारखा.

ताई पलंगाच्या कडेला बसली.  तिने सुरीचं टोक गालाजवळ नेलं. कड कुठे आहे? इथे? की इथे?

मावशीचे ओठ हलले.

डोळे मिटलेलेच होते.

"काप ग, बाळा," मावशी म्हणाली. इतक्या हळू की ताईला वाकावं लागलं. "मी उठायच्या आत काप. उठले की मला बोलता येत नाही."

ताई गोठली.

"आई?"

"लवकर..."

आणि नाकपुड्या एकदम रुंद झाल्या. नाक ताईच्या हाताकडे वळलं. चेहरा जागचा हलला नव्हता. फक्त नाक वळलं.

सूं... सूं... सूं...

मावशीने डोळे उघडले.

ताईने सुरी ओढणीत लपवली. कशी लपवली, तिचं तिलाच माहीत नाही.

"स्पिरिटचा वास येतोय," मावशी म्हणाली.

"कामावरून आले ना आई. तिथलाच असेल."

मावशीने तिच्याकडे बघितलं. डोळे आईचे होते. ताई शपथेवर सांगते, डोळे तिच्या आईचेच होते. त्यांत भीती होती, पाणीही तरळत होतं. पण तोंड हसत होतं.

"आज रविवार आहे," मावशी म्हणाली.

ताई उठून बाहेर आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या दुपारी तिने कापलं नाही. का नाही कापलं, हे ती मला अजून सांगू शकत नाही. आईने दोनदा सांगितलं होतं. जागेपणी सांगितलं, हात लावू नकोस. झोपेत सांगितलं, काप. यातलं कोणतं आईचं होतं? आणि चुकीचं ऐकलं असतं तर? सुरी नक्की कोणाच्या चेहऱ्यात घुसली असती?

मी तिला म्हणाले, चल, दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ, झोपेचं औषध देऊन काढून टाकू. ती म्हणाली, संमती लागते, आणि जागी असताना ती कधीच देणार नाही. शिवाय त्या रविवारनंतर मावशी झोपतच नाही. निदान कोणासमोर झोपत नाही. खोलीला आतून कडी असते. ताई रोज दाराला कान लावून बसते, आई झोपेत पुन्हा काही बोलेल म्हणून. आतून शब्द येत नाहीत. फक्त दाराच्या फटीपाशी, खाली, अगदी जमिनीजवळ...

तो आवाज येतो.

चिकटरावाने नोकरी बदलली. कपाटातला तो साचा ताईने फोडून टाकला, त्याने काहीच फरक पडला नाही. चिमीला आता तिच्या आत्याकडे ठेवलंय. ताई मात्र आईला सोडून जायला तयार नाही. आत कुठेतरी आई आहे, आणि तिने मला हाक मारली होती, एवढंच ती म्हणते. ती कामावरून सुटली की तिथेच अंग धुते, सकाळचेच कपडे पुन्हा घालते आणि कोणाशीही न बोलता सरळ घरी येते. पूर्वी ती मला वरचेवर भेटायची. आता फोन करते, तोही वर्कशॉपमधून.

काल मात्र मावशीचा फोन आला.

आवाज अगदी नेहमीसारखा होता. खेळकर, मायेचा. तब्येतीची चौकशी केली, जेवलीस का विचारलं. मी लहान असताना तिच्या कुशीत कशी झोपायचे, ते सांगून हसली. माझे डोळे भरून आले. वाटलं, आपण उगाच घाबरतोय, ताईला भास झाले असतील.

मग ती म्हणाली, "ये की ग एकदा घरी. खूप दिवस झाले. वास विसरायला लागलेय मी तुझा."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, सख्खी मावशी आहे.

फोन ठेवायच्या आधी ती जरा थांबली.  मग अगदी बारीक, ओठ न हलवता बोलल्यासारखा एक आवाज आला.

"येऊ नकोस."

मला वाटतं तो तिचाच होता.

मला वाटतं.